स्वस्त विकून नफा कसा? डीमार्टचं गणित आणि गल्लीतलं दुकान

नाशिकहून मी पुन्हा एकदा तुमच्या इअरफोनमध्ये हजर आहे. आजचा विषय तुमच्या-माझ्या घरातला आहे. महिन्याची एक तारीख, हातात यादी आणि ट्रॉली. बिलाच्या शेवटी छापून येतं की आज तुमचे अमुक इतके रुपये वाचले. आपण खूश! मग पार्किंगमधून गाडी काढताना डोक्यात येतं, की हा माणूस सगळ्यांचेच पैसे वाचवतोय, तर स्वतः कमावतो कधी?

कमावतो, आणि भरपूर कमावतो. डीमार्ट चालवणारी कंपनी आहे ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तिची विक्री होती ५९ हजार कोटींच्या पुढे, आणि सगळे खर्च, टॅक्स जाऊन उरलेला नफा होता सुमारे २,७०० कोटी. म्हणजे तुम्ही शंभर रुपयांचं सामान घेतलंत, तर कंपनीच्या खिशात शेवटी उरले साडेचार रुपये. आता हे साडेचार रुपये कमी वाटतात की जास्त, ते एपिसोड संपल्यावर ठरवा.

मी काही कॉमर्सवाला नाही. बीटेक केलंय, कोड लिहून पोट भरतो. पण कंपनीचे वार्षिक अहवाल सगळ्यांसाठी खुले असतात, आणि ते वाचायला सीए असावं लागत नाही. बेरीज-वजाबाकी आली की पुरे.

सुरुवात एमआरपीपासून करू. एमआरपी म्हणजे वस्तूची खरी किंमत, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. खरं तर ती फक्त वरची मर्यादा आहे. याच्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, एवढंच कायदा सांगतो. कमी घ्यायला कुणाचीच मनाई नाही. आणि हा आकडा ठरवते कोण? वस्तू बनवणारी कंपनी. तिनं तो ठरवताना मधल्या सगळ्यांचा वाटा त्यात आधीच धरलेला असतो. कंपनीच्या डेपोतून माल जातो डिस्ट्रिब्युटरकडे, तिथून टेम्पोनं किराणा दुकानात, तिथून तुमच्या घरी. डिस्ट्रिब्युटरला साधारण चार-पाच टक्के, दुकानदाराला आठ-दहा टक्के, कुठे थोडं जास्त, कुठे कमी. म्हणजे शंभर रुपये एमआरपीच्या साबणात तेरा-पंधरा रुपये हे वाटेतल्या लोकांचे असतात.

आता डीमार्टसारखं मोठं दुकान काय करतं? बहुतेक मोठ्या कंपन्यांकडून माल थेट उचलतं. डिस्ट्रिब्युटरची पायरीच गाळली. मग त्याचा वाटाही हातात, दुकानदाराचाही हातात, आणि वर ट्रक भरभरून घेतल्याची सूट वेगळी. या गोळा झालेल्या पैशातून सात-आठ रुपये तुम्हाला दिले, तरी उरतंच. म्हणजे डिस्काउंट खिशातून येत नाही, ते साखळीतल्या गाळलेल्या कडीतून येतं. पहिला मुद्दा हा.

पण थांबा. एवढंच असतं तर प्रत्येक मोठं दुकान श्रीमंत झालं असतं, आणि तसं मुळीच झालेलं नाही. 'सुभिक्षा' आठवतं का? तुम्ही लहान असाल तेव्हा. चेन्नईची कंपनी, १९९७ मध्ये सुरू झाली, सगळ्यात स्वस्त म्हणून गाजली, देशभर सोळाशेच्या आसपास दुकानं उघडली, आणि २००९ पर्यंत सगळी बंद. पगार द्यायला रोकड उरली नाही. 'बिग बझार' तर आपल्या सगळ्यांना आठवतंच. २६ जानेवारी २००६ ला त्यांनी 'सबसे सस्ता दिन' काढला तेव्हा लोक आवरता आवरेनात. त्याच फ्यूचर ग्रुपवर नंतर कर्जाचा डोंगर झाला. कोविडनंतर दुकानांची भाडी थकली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांची कितीतरी दुकानं रिलायन्सनं ताब्यात घेतली, कारण जागांचे भाडेकरार तोवर रिलायन्सकडे गेले होते. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

तर डिस्काउंट तिघांनीही दिलं. दोन बुडाले, एक तरला. मग फरक कुठे आहे?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी हे मूळचे शेअर बाजारातले माणूस. दुकानदारी शिकायला त्यांनी आधी नवी मुंबईत नेरूळला 'अपना बाजार'ची फ्रँचायझी चालवून पाहिली. आता हा अपना बाजार म्हणजे कोण? १९४८ मध्ये मुंबईत नायगावला कामगारांनी सुरू केलेलं सहकारी ग्राहक भांडार. एकत्र घाऊक घ्यायचं, कमी नफ्यात वाटायचं, ही कल्पना आपल्याकडे अमेरिकेतून आलेली नाही बरं का. गिरणगावातल्या कामगारांनी ती कधीच राबवली होती. दमाणींनी ती जवळून पाहिली आणि २००२ मध्ये पवईला पहिलं डीमार्ट उघडलं. पुढे पंधरा वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा दुकानं किती होती? सुमारे १३०. सुभिक्षानं बारा वर्षांत सोळाशे उघडली होती, हे लक्षात ठेवा.

हळू का? कारण ते जागा शक्यतो विकत घेतात, किंवा खूप लांबच्या मुदतीच्या लीजवर घेतात. जागा घ्यायला पैसा लागतो, वेळ लागतो. म्हणून मॉलमध्ये तुम्हाला डीमार्ट सहसा दिसत नाही. स्वतःची इमारत, शहराच्या वाढत्या टोकाला, पार्किंगसकट. आपल्या नाशिकचंच बघा. जुनी बाजारपेठ रविवार कारंजा आणि मेनरोडला, पण वस्ती वाढतेय ती बाहेरच्या बाजूंना. जिथे आज नवे फ्लॅट होतायत तिथे जागा आधी घेऊन ठेवली, की दहा वर्षांनी भाडेवाढीची कटकट नाही. किराण्यात शंभरामागे चार-पाच रुपये उरतात हो, त्यात दर वर्षी भाडं वाढत गेलं तर काय उरणार? बिग बझारला जे जड गेलं ते इथे मुळात नव्हतंच. शिवाय आयपीओतून आलेल्या १,८७० कोटींतला मोठा भाग त्यांनी कर्ज फेडायला वापरला. भाडं कमी, व्याज जवळजवळ नाही. हा दुसरा मुद्दा.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. पैसे देण्याचा. मोठ्या दुकानांची जुनी सवय अशी, की माल आज घ्यायचा आणि पुरवठादाराला पैसे महिन्या-दीड महिन्यानं द्यायचे. फुकटचं उधार! डीमार्टनं उलट केलं. ते साधारण आठवडाभरात पैसे चुकते करतात. आता याचा फायदा काय? गणित करून बघू. समजा पुरवठादार बँकेकडून वर्षाला १२ टक्क्यांनी पैसे घेतो. त्याला जर पैसे तीन आठवडे आधी मिळाले, तर शंभर रुपयांमागे त्याचं सुमारे ७० पैसे व्याज वाचतं. म्हणजे ७० पैसे भाव कमी करूनही त्याचं काही जात नाही. वर पैसे बुडायची भीती नाही, मागे फोन करायला माणूस ठेवायला नको. मग तो म्हणतो, साहेब, पहिला ट्रक तुमच्याकडे. ७० पैसे म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण जिथे शेवटी साडेचारच रुपये उरायचेत, तिथे ७० पैसे म्हणजे पगारवाढ आहे.

चौथा मुद्दा, वेग. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला थ्रूपुट म्हणतो. व्यापारी म्हणतात, माल फिरला पाहिजे. उदाहरणापुरते सोपे आकडे घेऊ. दोन दुकानदार, दोघांकडे एकेक लाखाचा माल. पहिल्याचा माल दोन महिन्यांत संपतो, आणि खेपेला १२ हजार सुटतात. वर्षात सहा खेपा, ७२ हजार. दुसरा भाव पाडून विकतो, खेपेला ८ हजारच सुटतात, पण माल महिन्यात संपतो. बारा खेपा, ९६ हजार. भांडवल तेवढंच, नफा कमी घेतला, तरी कमाई जास्त. डीमार्टचा माल साधारण महिन्याभरात फिरतो. एका दुकानाची दिवसाची सरासरी विक्री ३५ लाखांच्या पुढे जाते. म्हणून तिथे एका वस्तूचे पन्नास प्रकार दिसत नाहीत. जे पटापट उचललं जातं तेच फळीवर. न खपणारा माल म्हणजे नुसती झोपलेली नोट.

पाचवा मुद्दा, टोपलीत काय-काय आहे. डीमार्टच्या विक्रीत निम्म्याहून जास्त वाटा खाण्याच्या वस्तूंचा. साधारण पाचवा हिस्सा साबण-पावडर-शाम्पू. आणि उरलेला, पावशेरापेक्षा थोडा कमी, कपडे, भांडी, प्लास्टिकचे डबे, चादरी, खेळणी. आता तेल-साखरेत सुटतं फारच थोडं. पण टॉवेल आणि स्टीलच्या डब्यात चांगलं सुटतं, कारण त्यांचा भाव तुम्हाला पाठ नसतो. साखर किलोला किती, हे आईला झोपेत विचारा, सांगेल. पायपुसणं कितीला, हे कुणाला माहीत असतं? जिथे भाव पाठ असतो तिथे सूट द्यायची, तुम्हाला दारात आणायचं. जिथे नसतो तिथे थोडं कमवायचं. यात फसवणूक नाही, पण हे माहीत असावं. आणि डाळी-मसाले-सुकामेवा? ते ठोकात घेऊन पॅक करायचं काम त्यांचीच एक उपकंपनी करते, अलाईन रिटेल ट्रेड्स नावाची. म्हणजे पाकीट भरणाऱ्याचा वाटाही घरातच राहिला.

सगळं मिळून शंभर रुपयांचा हिशोब असा लागतो. सुमारे ८५ रुपये मालाला गेले. उरले १५. त्यातले सात-सव्वासात दुकान चालवायला: वीज, वाहतूक, पगार, कंत्राटी माणसं. उरले साडेसात-पावणेआठ. त्यातून इमारती-यंत्रांची झीज आणि टॅक्स गेला, हाती साडेचार. म्हणजे सूट देऊनही त्यांच्याकडे मालावर पंधरा रुपये सुटतात. आणि गल्लीतल्या दुकानदाराला एमआरपीनं विकून आठ-दहा.

हे वाक्य मी माझ्या मामांना ऐकवलं. मामांचं सिडकोत किराणा दुकान आहे, पंचवीस वर्षांपासून. ते हसले. म्हणाले, "अरे भाच्या, हे तू कॉम्प्युटरवर शोधलंस? मला तर रोज गल्ल्यावर दिसतं. कंपनीचा माणूस मला ज्या भावात देतो, त्या भावात तिकडे गिऱ्हाईकाला मिळतं." ऑफर लागली की मामा स्वतः पिशवी घेऊन मोठ्या दुकानात जातात, तेल आणि साबण उचलतात आणि आपल्या फळीवर लावतात. डिलरपेक्षा ते स्वस्त पडतं! असं करणारे ते एकटे नाहीत, कुठल्याही दुकानदाराला खासगीत विचारा.

हे फक्त मामांचं रडगाणं नाही. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटची काही उत्पादनं दुकानांना पुरवणं थांबवलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की मोठ्या घाऊक आणि ऑनलाईन कंपन्यांना तुम्ही आमच्यापेक्षा कमी भावात माल देता, मग आम्ही दुकानदाराला काय तोंड दाखवायचं? टूथपेस्टवरून भांडण, पण प्रश्न मोठा होता: एकाच वस्तूचे दोन भाव का?

मग मी मामांना विचारलं, "तुमच्याकडे लोक येतात तरी कशाला?" त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली. उधारीची. पानापानावर नावं. सातपूर-अंबडला कंपनीत कंत्राटी काम करणारी पोरं, रिक्षावाले, दोन-तीन घरकाम करणाऱ्या बायका. "पगार लांबला की हे लोक कुठे जाणार? तिकडे कार्ड चालतं, शब्द चालत नाही," मामा म्हणाले. "आणि दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहापावडर कोण देणार? त्यांना वाचवायला पाच हजार एकदम काढावे लागतात, ते असतात का?"

मला हे पटलं, आणि आपल्या गणितात हे कुठेच नव्हतं. नीट बघा. मोठ्या दुकानाचा सगळा वेग तुमच्या रोख पैशावर चालतो. माल आठवड्यात चुकता होतो, कारण तुम्ही तिथल्या तिथे देता. वाहतूक तुमची, कारण तुम्ही पेट्रोल जाळून जाता. हमाली तुमची, रांगेतला वेळ तुमचा, साठवणूक तुमच्या घरातली. म्हणजे डिस्काउंटचा एक भाग हा तुमच्याच कामाची मजुरी आहे. ज्याच्याकडे गाडी आहे, घरात जागा आहे आणि एक तारखेला पगार आहे, त्याला ती मजुरी परवडते. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो गल्लीत एमआरपीनं घेतो. स्वस्ताई आधी त्याच्यापर्यंत पोचते ज्याला ती थोडी कमी लागते. हे डीमार्टचं पाप नाही, पण हे खरं आहे.

आणि मामांच्या वहीचाही हिशोब होतो. त्यांचे वीस-तीस हजार कायम बाहेर अडकलेले असतात, बिनव्याजी. काही कधीच परत येत नाहीत. ते पैसे निघतात कुठून? त्याच आठ-दहा टक्क्यांतून. आपण रोखीनं एमआरपी देणारे शेजारी असतो ना, आपल्याच पैशांवर ती वही चालते. आपण सगळे महिन्याचं मोठं बिल बाहेर नेलं आणि मामांकडे फक्त दूध आणि कोथिंबीर ठेवली, तर एक दिवस दुकान बंद होईल. आणि दुकानाबरोबर वही. मामांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, तो गल्ल्यावर बसणार नाही. मामांना पुढच्या चार-पाच वर्षांत निर्णय घ्यायचाच आहे.

आता कुणी म्हणेल, डीमार्ट तरी कायमचा कुठे सुरक्षित आहे? बरोबर. दहा मिनिटांत सामान आणणारी ॲप्स आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीनं स्वतः सांगितलं, की मोठ्या शहरांतल्या त्यांच्या दुकानांवर ऑनलाईन किराण्याचा परिणाम दिसतोय. शेअर एका दिवसात आठ टक्क्यांच्या आसपास पडला. पण ॲपचं गणित वेगळं आहे. तिथे हमाली तुमच्याकडून काढून डिलिव्हरीच्या पोराकडे दिलेली असते, आणि ती कुणीतरी भरतंच: कधी गुंतवणूकदार, कधी डिलिव्हरी फीमधून तुम्ही, कधी तो पोरगा. त्यावर वेगळा एपिसोड करू.

मग आपण करायचं काय? मी उपदेश करत नाही, मी स्वतः महिन्यातून एकदा ट्रॉली ढकलतोच. तीन साध्या गोष्टी सांगतो. एक, पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला असतो, तो बघा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही. दोन, यादी घेऊन जा. त्यांना ठाऊक आहे की तुम्ही साखरेला आलात आणि डबे घेऊन जाल. यादीबाहेरच्या दोन वस्तू घेतल्या, की बिलावर छापलेली बचत तिथेच संपली. तीन, येण्याजाण्याचं पेट्रोल आणि तास त्या बचतीतून वजा करा. सातशे रुपयांच्या सामानासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्यात काही अर्थ नाही, ते कोपऱ्यावर घ्या. पाच हजारांचं असेल तर खुशाल जा.

आणि एक काम. तुमच्या गल्लीतल्या दुकानदाराला या आठवड्यात एवढंच विचारा, "काका, वहीत सध्या किती नावं आहेत?" काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवीन, दुकानदारांची नावं न घेता. तोवर काळजी घ्या, आणि रांगेत उभे असाल तर हा एपिसोड मागच्याला फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या रविवारी!